पोथी मुकी, देव बोलका

संकष्टीस, आणि त्यांतही अंगारकीस, टिटवाळ्याच्या स्टेशनावर पाय ठेवावयास जागा नसते. कल्याणकडून आणि कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांतून माणसें उतरतात व महागणपतीच्या देवळाकडे रांग चालूं लागते. त्यांत आमचे शेतकरी असतात, कुंभार, सुतार, लोहार असतात, वीटभट्टीवर राबणारीं कुटुंबें असतात. या भक्तीची टवाळी करण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. ज्यास संकटांत कोणाचा आधार नाहीं तो देवापुढें हात जोडणारच. आमचें म्हणणें निराळें आहे, आणि तें याच देवळाच्या आख्यायिकेवरून सांगतों.

असें सांगतात कीं, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळीं दुष्काळ पडला, गांवास पाणी मिळेना, म्हणून तलावाचा गाळ उपसण्याचें काम निघालें, आणि त्या गाळांत ही मूर्ति सांपडली. फावडें कोणाच्या हातांत होतें हें आख्यायिका सांगत नाहीं. परंतु गाळ उपसण्याचें काम कोणाच्या वाट्यास येतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वाचकहो, देव कोठें भेटला? पोथीच्या पानांत नव्हे. तहानलेल्यांसाठीं पाणी काढतांना भेटला. गोष्ट घडलेली असो वा नसो, तिची शिकवण खरी आहे.

आतां याच मुलखांतली एक अलीकडची हकीकत ऐका. काळू नदीपलीकडच्या एका गांवीं आम्ही एका कुंभारबंधूच्या घरीं गेलों होतों. त्याची मुलगी आमच्या शाळेंत सातवी पास झाली. हुशार, अक्षर मोत्यासारखें. तिला पुढें शिकवणार नाहीं असें बापानें ठरविलें. कारण विचारलें, तर त्यानें देव्हाऱ्यावरच्या फळीकडे बोट दाखविलें. तेथें तांबड्या फडक्यांत गुंडाळलेली एक पोथी होती. "मास्तर, त्यांत लिहिलंय. पोरीच्या जातीला जास्त शिकवूं नये. सप्ताहांत बुवांनीं सांगितलं." आम्हीं विचारलें, "दादा, तुम्हीं कधीं वाचली?" तो म्हणाला, "वाचायची कशाला? आजापासून पुजत आलोंय."

आम्हीं विनंती केली कीं, ज्या पोरीविषयीं हा निकाल आहे तिलाच पोथी वाचूं द्या. बाप कचरला, पण आईनें होय म्हटलें. तीन संध्याकाळीं मुलीनें ती पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानें वाचली. बाप चाक बंद ठेवून ऐकत बसला. तसलें वाक्य तींत कोठेंही नव्हतें!

न उघडलेली पोथी ही अशी असते. ती स्वतः मुकी. म्हणून जो कोणी तिच्यातर्फें बोलेल त्याचें बोलणें तिचें ठरतें. अज्ञान्याच्या घरीं ग्रंथ पुजला जातो तेव्हां पूजा ग्रंथाची होत नाहीं, ग्रंथावर हात ठेवून बसलेल्याची होते.

परंतु एवढ्यावर थांबून भागणार नाहीं. बाप आम्हांस म्हणाला, "आणि मास्तर, लिहिलेलं असतं तर?" प्रश्न रोकडा आहे, व त्याचें उत्तरही रोकडें दिलें पाहिजे. लिहिलेलें असतें तरीही पोर शाळेंत गेलीच पाहिजे. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां विरोधकांच्या तोंडीं शास्त्रच होतें. १८९९ सालीं कोल्हापुरांत पंचगंगेच्या स्नानाच्या वेळीं शाहू महाराजांपुढें पुराणोक्त मंत्र म्हटले गेले. कारण काय, तर वेदोक्ताचा अधिकार शूद्रास नाहीं! जेथें छत्रपतींची ही कथा, तेथें नांगर धरणाऱ्याची काय दाद लागावी? शास्त्रांत नव्हतें म्हणून नव्हे, तर शास्त्रांत आहे असें म्हणूनच हा अन्याय चालला. तेव्हां नुसतें वाचणें पुरेसें नाहीं. वाचलेलें पारखलें पाहिजे.

कशावर पारखावें? जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हांपासून आमच्या लोकांस हेंच सांगितलें आहे. सर्वांचा निर्मिक एक; त्याच्या व लेकरांच्या मध्यें दलालाची जरूर नाहीं; त्यानें स्त्रीपुरुष सर्वांस बुद्धि दिली ती वापरण्यासाठीं. निर्मिक हा कधीं काळीं एकदां बोलून गप्प झालेला देव नव्हे. आपल्या पिकाची, भुकेची, शेजाऱ्याच्या अश्रूंची, लेकराच्या प्रश्नांची भाषा तोच बोलतो. ऐकणाराचे कान मात्र उघडे पाहिजेत.

शेतकऱ्यास हें कठीण वाटूं नये. पंचांगांत मृग ठरल्या दिवशीं लागतो. पण म्हणून राबांत डोळे मिटून भात कोण पेरतो? तो आभाळ पाहतो, मातींत बोटें घालून ओल पाहतो, मग मूठ सोडतो. पंचांगाचा अपमान होत नाहीं, आणि पीकही बुडत नाहीं. जी अक्कल शेतांत चालते ती देव्हाऱ्याशीं आल्यावर आम्ही गहाण कां टाकतों?

कोणी म्हणेल, ज्यानें त्यानें आपल्या मनाचें ऐकलें तर लबाडही म्हणेल कीं मला देवानें सांगितलें. शंका रास्त आहे. तिची कसोटी सोपी आहे. जो आवाज मला शेजाऱ्याहून जास्त देतो व त्याचा हक्क कमी करतो, तो निर्मिकाचा नव्हे, माझ्या लोभाचा. बापाला मोठें आणि लेकीला लहान करणारा आवाज देवाचा कसा असेल? लेक त्याचीच ना?

आतां थोडें आमच्याच मंडळींस. १८८८ सालीं जोतीरावांस पक्षाघात झाला, उजवा हात गेला. त्यांनीं डाव्या हातानें सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिलें. तें छापून निघालें १८९१ सालीं, त्यांच्या मरणानंतर. त्यांत त्यांनीं असें घर कल्पिलें कीं बायको बौद्ध धर्माचें पुस्तक वाचून बौद्ध व्हावी, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलगी कुराण वाचून मुसलमान व्हावी, मुलगा सत्यधर्मी व्हावा, आणि सर्वांनीं एका निर्मिकाचीं लेकरें म्हणून गोडीनें नांदावें. पाहा, त्या घरांत प्रत्येकजण पुस्तक *वाचतो*, आणि कोणी कोणावर पुस्तक उगारीत नाहीं. आज आमच्यांतले कित्येक याच पुस्तकास हार घालतात, कुंकूं लावतात, आणि फळीवर ठेवून देतात. फडकें बदललें, फळी तीच! भटजींची पोथी काढून तेथें फुल्यांची पोथी पुजणें म्हणजे सत्यशोधन नव्हे. जोतीरावांचेंही एखादें म्हणणें बुद्धीस पटलें नाहीं तर तें तसें म्हणणें, हाच त्यांचा खरा मान.

तात्पर्य, शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, घरांतली पोथी फेकूं नका. फडकें सोडा, ती लेकीच्या हातांत द्या, आणि तिला मोठ्यानें वाचावयास सांगा. चांगलें असेल तें घ्या, अन्यायाचें असेल तेथें थांबून म्हणा, "हें देवाचें नव्हे." टिटवाळ्यास जाणाऱ्यांनीं खुशाल जावें; परंतु तलाव उपसणाऱ्यांस विसरूं नये.

त्या कुंभारबंधूनें आम्हांस अजून होय म्हटलेलें नाहीं. नाहींही म्हटलेलें नाहीं. आठवीचा वर्ग पलीकडच्या मोठ्या गांवीं आहे. दाखला आम्हीं लिहून, सही करून ठेवला आहे. तो न्यावयास मुलगी आणि तिचा बाप केव्हां येतात याची आम्ही वाट पाहत आहों.