नोंदवही शिक्षकाच्या हाती राहू द्या

दुसरीतल्या मुलाने ५२ मधून २७ वजा केले आणि उत्तर लिहिले ३५. बाईंनी त्यावर फुली मारली, तर विषय तिथेच संपतो. पण शाळा सुटल्यावर त्यांनी वहीत दोन ओळी टिपल्या, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून याने सातातून दोन काढले, दशक सुटा करायचे अजून कळलेले नाही’, तर उद्याचा तास कुठून सुरू करायचा हे ठरते. त्या मुलाला आणखी दहा उदाहरणे घालून उपयोग नाही, त्याच्यासमोर दहा काड्यांची जुडी सोडायला हवी. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे किंवा हातवीजच्या बाजूला, दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, तिथे असे निरीक्षण डोक्यात ठेवायचे म्हटले तरी ते दुपारपर्यंत टिकत नाही. शिवाय हिरड्याच्या हंगामात घरच्यांबरोबर किलो-रुपयांचा हिशेब पाहणारे मूल फळ्यावरच्या गणिताला का अडते, याचे उत्तर पुण्या-मुंबईत छापलेल्या पुस्तकात मिळणार नाही. ते त्या वर्गातच सापडेल, आणि टिपले तरच हाती राहील.

नोंदी ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची, हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग. पुढे तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘वाचन स्पष्ट करतो’, ‘गटकार्यात भाग घेतो’ ही वाक्ये घाटघरच्या मुलालाही लागू पडतात आणि नारायणगावच्याही. याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तपासणीला येणारा रकाना भरला आहे की नाही एवढेच पाहत असेल, तर लिहिणाराही रकान्यापुरतेच लिहितो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की ही वही शिक्षकाची स्वतःची असावी. तिच्यावर शिक्का नको, गुण नकोत आणि ती कुठे अपलोडही व्हायला नको.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे त्यांनी पाहिले आणि बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना अशा बारकाईने पाहण्यातून रुजली, आणि तिच्यासाठी कोणाला तक्ता भरून द्यावा लागला नव्हता.

‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत रस्त्यावर उतरलेल्या शिक्षकांवर आणखी एक वही लादायची का, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे आधी एखादा अहवाल बंद करावा, मगच ही वही मागावी. आणि रोज सगळ्या मुलांबद्दल नव्हे, एखाद्याच मुलाबद्दल दोन ओळी पुरेत. तपासणी नसेल तर कोणी लिहिणारच नाही, असेही म्हणतील. काही जण लिहिणार नाहीत, हे खरे. पण आज सगळे लिहितात आणि त्यातून मुलाबद्दल काहीच कळत नाही, ही अवस्था त्याहून वाईट आहे. उपक्रमांचे फोटो तर रोज ग्रुपवर जातातच, असे कोणी सुचवेल. फोटोत मुले काड्या घेऊन बसलेली दिसतात, त्यांनी काय विचार केला ते दिसत नाही. आणि लेकरांचे चेहरे असे गावभर फिरवायचे का, हाही प्रश्न आहेच.

लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवायला जागाही तयार आहे. आसपासच्या शाळांच्या केंद्रात दरमहा शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. जपानमध्ये शतकाहून अधिक काळ शिक्षक एकत्र बसून एकेका तासाचा बारकाईने अभ्यास करतात; आपल्या परिषदेत मात्र बराच वेळ सूचना आणि परिपत्रके खातात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे: येत्या जूनपासून प्रत्येकी एका केंद्रात परिषदेचा पहिला अर्धा तास शिक्षकांच्या वहीतल्या नोंदींना द्या, आणि त्या अर्ध्या तासात एकही परिपत्रक वाचू नका.