लाट खोटी की गणित?

प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग करताना उत्तर ९.८ येत नाही असे दिसले, की आपल्यापैकी पुष्कळजण काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे. घड्याळाने दाखविलेला आकडा खोडून पुस्तकाला मानवेल असा आकडा वहीत लिहिला जातो. ही सवय क्षुल्लक नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि समुद्रातील महालाटांचा इतिहास त्याला साक्ष आहे.

१८२६ साली हिंदी महासागरात शंभर फुटांहून उंच लाटा पाहिल्याचे फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द'उर्व्हिल याने सांगितले, तेव्हा आरागो या नामांकित शास्त्रज्ञाने त्याची जाहीर थट्टा केली. पुढे समुद्राचा पृष्ठभाग म्हणजे असंख्य लहान लाटांची साधी बेरीज, असे मानून गणित मांडले गेले. या हिशोबात लाटेचा माथा जितका उंच, तितकाच तिचा तळ खोल. अजस्र लाट त्यात अतिविरळ ठरे आणि खलाशांच्या हकिकती अतिशयोक्ती म्हणून बाजूला पडत.

१ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या ड्राउप्नर या मंचावर लेसर यंत्राने एक लाट मोजली. त्या वादळातील सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी सुमारे १२ मीटर होती. ही एकटी लाट २५.६ मीटर भरली. माथा संथ पातळीहून १८.५ मीटर वर, तळ अवघा सात मीटर खाली! मंचाची थोडी मोडतोडही झाली होती. त्यामुळे यंत्राला खोटे ठरविण्याची सोय उरली नाही.

शास्त्रज्ञांनी आकडा खोडला नाही, हिशोब सुधारला. लाटा एकमेकींत नुसत्या मिळत नाहीत, तर एकमेकींचे रूपही पालटतात, हे धरून संगणकावर समुद्र नव्याने मांडला जाऊ लागला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो येथील प्रयोगात दोन लाटसमूह सुमारे १२० अंशांच्या कोनात भेटविले, तेव्हा कुंडात ड्राउप्नरची लहान प्रतिकृती उभी राहिली. कोन लहान असता तेवढी उंची गाठण्यापूर्वीच लाट फुटे.

कोणी विचारील, मग प्रत्येक खलाशाच्या कथेवर विश्वास ठेवावा काय? तसे नव्हे. साक्ष अवश्य तपासावी. परंतु ती पुस्तकाशी जुळत नाही, एवढ्याच कारणाने फेटाळू नये. आपल्या लंबकाची चूक बहुधा आपल्याच हातची असते. पण आकडा खोडल्यावर ती शोधणार कशी?

आज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशाच गणितांच्या आधारे लाटांचे अंदाज वर्तविते. त्यावर विसंबून कोळी होडी लोटायची की नाही, हे ठरवितो. तेथे दडविलेला एक आकडा एखाद्या घरचा कर्ता पुरुष हिरावून नेऊ शकतो. विद्यार्थिमित्रहो, त्या कामावर उद्या आपल्यापैकीच कोणी बसेल. तेव्हा लागणारा प्रामाणिकपणा आजच्या प्रयोगवहीतच शिकावयाचा आहे.