खनिजाची जहाजे : पोलादात काटकसर नको

पेण तालुक्यातील डोलवीचा पोलाद कारखाना धरमतर खाडीच्या जोरावर चालतो. मोठी जहाजे या उथळ पाण्यात शिरत नाहीत. म्हणून जयगडसारख्या खोल बंदरात माल उतरवून तो सुमारे ८,००० टनी लहान जहाजांतून आणला जातो. रोह्याहून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंडा-साळाव येथेही मालवाहू बार्जेसची ये-जा असते.

भाड्याचे दर सर्वांना तोंडपाठ, पण बांधणीविषयी कोणी बोलत नाही. लोहखनिज हा फसवा माल आहे. तो कोळशाच्या दुप्पट-तिपटीने जड. खण अर्धाही भरत नाही तोच जहाज भारखुणेपर्यंत बसते आणि सारे ओझे तळावर येते. वर झाकणांसाठी डेक मोठा कापलेला, त्यामुळे वाकण्याचा ताण उरलेल्या पट्ट्यांनीच सोसायचा. त्यातून खाडीसाठी तळ सपाट, खोली कमी. असे जहाज लांब केले की लाटेवर ते लवकर वाकते. उपाय एकच, जाड पत्रा आणि जवळजवळ फासळ्या. पण अंगात एक टन पोलाद वाढले की एक टन माल कमी! मालकाचा हात आखडतो तो इथेच.

जून २०२१ मध्ये रेवदंड्याजवळ 'मंगलम' जहाजात पाणी शिरले. १६ जणांना तटरक्षक दलाने वाचविले. जुलै २०२४ मध्ये अलिबागजवळ अडकलेल्या बार्जवरून १४ जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. कारणे काहीही असोत, दोन्ही वेळा पावसाळा होता. खाडीचे जहाज त्या दिवसांत उघड्या समुद्रात असते, हे विसरून चालणार नाही.

अशा जहाजांसाठी १ जुलै १९९९ पासून आंतरराष्ट्रीय नियम आले, पण त्यातील मजबुतीची मुख्य कलमे १५० मीटर व त्याहून लांब जहाजांना लागू. आपली जहाजे त्यापेक्षा लहान. माल तोच, लाट तीच, मग कसोटी हलकी का?

दरवर्षी मे महिन्यात ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजावी आणि आकडे तांडेल-खलाशांनाही दाखवावेत. क्रेनचा पंजा आपटून खणाचा तळ झिजतो, तिथे आधी पाहावे. यात आपल्या मुलांना कामही आहे. पेण-रोह्यातून वेल्डिंग शिकून आखातात जाणाऱ्यांनी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्थेची वेल्डर परीक्षा दिली, तर दुरुस्तीचे काम धरमतरलाच मिळू शकेल.