राजीनामा कुणी दिला?

कंपनीच्या फलकावर नोटीस लागते तेव्हा तिच्यात ‘काढून टाकणे’ हा शब्द सहसा नसतो. पुनर्रचना असते, खात्याचे स्थलांतर असते, काम बाहेरून करून घेण्याचे धोरण असते. आणि सगळे पार पडल्यावर बायांच्या नावांपुढे एकच शब्द उरतो : राजीनामा. त्या शब्दाविषयी मला बोलायचे आहे, कारण तो माझ्याही नावापुढे लिहिला गेला आहे.

रत्नागिरीजवळच्या एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यात मी चौदा वर्षे पॅकिंग खात्यात कायम कामगार होते. पॅकिंगचे काम कंत्राटदाराला द्यायचे असे कंपनीने ठरवले. आम्हाला कुणी काढले नाही. गुजरातमधल्या कारखान्यात बदली झाल्याचे पत्र तेवढे हातात दिले. पगार तोच, हुद्दा तोच, आठ दिवसांत हजर व्हा. पत्र मिळालेले काही पुरुष गेले, चौघांत एक खोली घेऊन राहिले. आम्हा अकराजणींपैकी एकही जाऊ शकली नाही. साहेब म्हणाले, “आम्ही नोकरी देतोय, तुम्हीच घेत नाही.” महिन्याभरात आमच्यातल्या चौघी कंत्राटदाराच्या हजेरीवर, रोजंदारीने, त्याच टेबलाशी उभ्या होत्या. चौदा-पंधरा वर्षांची नोकरी पुसली गेली होती.

साहेबांचे म्हणणे वरवर न्यायाचे वाटते. पत्र बाईला आणि पुरुषाला सारखेच होते. मग पुरुष जाऊ शकला आणि बाई का नाही? ह्याचे उत्तर आपल्या जिल्ह्याइतके कुणाला ठाऊक असणार?

पिढ्यान् पिढ्या इथला पुरुष मुंबईला गेला, गिरणीत लागला. तो जाऊ शकला, कारण मागे बाई राहिली. तिने भात लावले, गुरे सांभाळली, म्हाताऱ्यांची दुखणी काढली, पोरे वाढवली. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेवर स्त्रिया होत्या, त्याचे मोठे कारण हेच. गिरणीच्या पगारात अख्खे कुटुंब मुंबईत राहू शकत नव्हते. जो खर्च पगारातून भागत नव्हता तो गावाकडच्या बाईच्या श्रमातून भागत होता. आपण मात्र ‘मनीऑर्डरवर जगणारे कोकण’ असे म्हणत राहिलो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि असंख्य कामगार गावी परतले. त्यांना कुणी पोसले? पुढे कित्येक गिरण्यांनी कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणून घेतले आणि त्यावर आपला शिक्का मारून विकले. काम बाहेर देण्याची युक्ती आजची नाही. स्वेच्छानिवृत्तीचा धनादेश आला तोही पुरुषाच्या नावावर. गावाकडे राबलेल्या बाईचे नाव कुठल्याच मस्टरवर नव्हते, म्हणून तिची नोकरी गेली असेही कुणी म्हटले नाही.

गिरणीत काम करणाऱ्या बायांची गोष्ट तर त्याहून जुनी. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. १९२८ च्या संपाच्या काळात उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर ह्यांच्यासारख्या बाया आघाडीवर होत्या. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. पण खर्च कमी करण्याच्या योजना आल्या की बायांच्या खात्यांवर कुऱ्हाड पडे आणि १९८२ पर्यंत गिरण्यांत बाया मूठभरच उरल्या होत्या.

तेव्हा बाई जागची हलू शकत नाही, हे कंपनीला बदलीचे पत्र टाइप करतानाच माहीत असते. इथे एक कडू गोष्ट आपण आपसातही बोलली पाहिजे. माझ्या घरातही “तू जाऊन बघ, आम्ही इथलं सांभाळतो” असे कुणी म्हणाले नाही. नवऱ्याची बदली झाली की घर त्याची बॅग भरते. बाईची झाली की घर तिचा राजीनामा लिहून घेते. घराची ही मनाई कंपनीच्या नफ्यात जमा होते. कामगार कपात केली तर कंपनीला वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. राजीनाम्यावर ती द्यावी लागत नाही.

पुरुष सहकारी म्हणतील, आम्ही काय सुखाने गेलो? नाही, हे मान्य. परमुलखात चौघांत एक खोली हे सुख नव्हे. पण परत यायला त्यांच्यामागे घर उभे आहे, आणि ते आम्हीच उभे ठेवले आहे. म्हणूनच हा लढा दोघांचा आहे.

आता तर कायद्याचा आधारही पातळ झाला आहे. पूर्वी शंभर कामगार असलेल्या कारखान्यालाही कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. आमच्या मिरजोळे, झाडगाव वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांतल्या बायांनी मग कुणाकडे पाहायचे?

माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. घरच्या जबाबदारीमुळे दूरची बदली नाकारावी लागली तर ती कपात मानावी आणि भरपाई द्यावी. काम कंत्राटदाराकडे गेले तर त्या कामावरच्या बायांना आधीची वर्षे धरून घ्यावे. आणि युनियन वाटाघाटीला बसेल तेव्हा ज्या खात्याचा प्रश्न आहे त्या खात्यातली बाई तिथे बसलेली असावी. आमच्या वेळी एकही नव्हती.

हे मिळेपर्यंत मैत्रिणींनो, एवढे करा. साहेबांच्या खोलीत एकटीने जाऊ नका. कागदाची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. तो कागद घेऊन आधी संघटनेकडे, मग सरकारी कामगार कार्यालयात जा. राजीनामा द्यायचाच असेल तर तो आपल्या मनाने द्यावा. दुसऱ्याने लिहून आणलेल्या राजीनाम्याखाली आपली सही कशाला?