पेशींचे मूक हिशेबनीस : सूक्ष्म आरएनए आणि तोंडाचा कर्करोग

नेकनूरच्या आठवडी बाजारात, मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या गावाप्रमाणेच, भुसार आणि कापडाच्या बरोबरीने तंबाखू, चुना आणि सुपारीलाही गिऱ्हाईक असते. ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्राकडे जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील अनेक मजुरांच्या कनवटीला तंबाखूची पुडी असते. व्यापारी घरांत भोजनोत्तर सुपारीचे तबक फिरते. या दोन सवयींचे पर्यवसान एकाच ठिकाणी होऊ शकते आणि ते ठिकाण म्हणजे तोंडाचा कर्करोग. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे चोवीस टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. शेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांतील रुग्णही राष्ट्रीय नोंदणीत मोजले जाऊ लागले. या भागातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग हा प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे.

वर्षानुवर्षे तंबाखू खाणाऱ्याच्या गालात नेमके काय घडते, याचे एक उत्तर अलीकडच्या विज्ञानाने दिले आहे. पेशीतील डीएनए ही मूळ खातेवही मानली, तर त्यातील आदेशाची नक्कल घेऊन निघणारा संदेशवाहक आरएनए हा धनादेश होय. तो वठला की प्रथिन तयार होते. परंतु प्रत्येक धनादेश वठावा असे पेशीला वाटत नाही. जेमतेम बावीस अक्षरांचे छोटे आरएनए संदेशाला चिकटतात आणि त्याचे प्रदान थांबवतात किंवा तो धनादेशच फाडून टाकतात. हेच सूक्ष्म आरएनए. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ साली एका लहानशा कृमीत त्यांचा शोध लावला, आणि त्याबद्दल दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी शरीरात असे हजारांहून अधिक हिशेबनीस आहेत.

कर्करोगात हे हिशेबनीस दोन प्रकारे बिघडतात. तोंडाच्या कर्करोगात ‘२१’ क्रमांकाचा सूक्ष्म आरएनए फार वाढलेला आढळतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे ‘पीटेन’ हे प्रथिन तयार होण्याचा आदेशच तो रोखतो. ‘३१’ क्रमांकाचाही असाच अतिरेक दिसतो. उलट ‘लेट-७’ हा कुटुंबसमूह ‘रास’ या वाढीस चेतवणाऱ्या जनुकावर अंकुश ठेवतो. तो कमी पडला की अंकुश सुटतो. म्हणजे एकीकडे थांबवू नये ते थांबते आणि दुसरीकडे थांबवायचे ते निसटते. खाते असे बिघडत गेले की पेशींची संख्या बेहिशेबी वाढते.

हे बिघाड तंबाखू आणि सुपारीच्या सततच्या माऱ्याने सुरू होतात. सुपारी निरुपद्रवी मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही मानवात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले. तिच्यामुळे गालाच्या आतील त्वचेखाली तंतू साचतात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. ही कर्करोगाची पूर्वावस्था असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याच्या उत्पादनास आणि विक्रीस बंदी आहे. परंतु कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोचतो, जिभेपर्यंत नाही.

लाळेतील सूक्ष्म आरएनए मोजून रोग लवकर ओळखता येईल का, यावर जगभर संशोधन चालू आहे. काही अभ्यासांत रुग्णांच्या लाळेत ‘१२५ए’ आणि ‘२००ए’ यांचे प्रमाण कमी आढळले. तथापि आजही निदान ठरते ते संशयित भागाचा लहानसा तुकडा तपासूनच. त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचणीची वाट पाहण्यापेक्षा आरशाकडे पाहणे अधिक हिताचे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारे व्रण, गाठ, तोंड पूर्वीइतके न उघडणे, गिळताना त्रास, यांपैकी काही दिसल्यास तत्काळ दंतवैद्याकडे जावे. उपचारासाठी बार्शी, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय उपलब्ध आहे. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

व्यापारी घराण्यांवर मात्र आणखी एक जबाबदारी येते. ज्या फळीवर तंबाखू, सुपारीच्या माळा लटकतात, त्याच फळीमागे ‘नफा कशातून’ हा प्रश्नही उभा असतो. श्रावकाच्या आचारात विषवाणिज्य निषिद्ध मानले आहे, आणि आता विष म्हणजे काय हे विज्ञान पेशीपेशीतून सांगत आहे. ती माळ फळीवरून उतरवली तर रोजच्या गल्ल्यात फारशी तूट येणार नाही. न उतरवल्याने येणारी तूट मात्र कोणाच्या तरी घरात आयुष्यभर भरून निघत नाही.