जबडा मोडला तर विमा, दाढ किडली तर?

जिवतीच्या पहाडावर, कोलामांच्या गुड्यात काय किंवा मराठवाड्यातून येऊन वसलेल्या आपल्या वस्तीत काय, दाढ दुखू लागली की आधी लवंग. मग तंबाखूची चिमूट दाढेखाली, मग किराणा दुकानातली गोळी. गाल सुजून तोंड उघडेनासे झाले की मग पहाड उतरायचा. गडचांदूर, राजुरा, नाहीतर थेट चंद्रपूर. रोजी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. पुन्हा पुन्हा खेपा घालणे परवडत नाही, म्हणून वाचू शकणारी दाढही उपटून टाकली जाते. पन्नाशीतल्या आयाबाया भाकर वरणात कुस्करून खातात. याला आपण आजार म्हणतच नाही, वय झाले म्हणतो.

खिशात आयुष्मान कार्ड असते, ५ लाखांचे. पण या योजनेच्या नियमांत कीड भरणे, रूट कॅनाल, हिरड्यांचे आजार, दात बसवणे हे सारे वगळलेले आहे. भरती व्हावे लागेल अशी इजा किंवा आजार असेल तरच अपवाद. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनाही मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठीच आहे. म्हणजे जबडा मोडला किंवा तोंडाचा कॅन्सर झाला की विमा धावून येतो. त्याआधी मात्र तोंड तुमचे तुम्ही सांभाळा! आणि आपला हा भाग खर्ऱ्याचा. (आपल्या लग्नांत आणि जयंतीच्या मंडपामागेही तो घोटला जातो, हे लपवून काय उपयोग?) तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तर ते त्याच वेळी दंतवैद्याने पाहायला हवे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे कारखान्यातील कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्या विम्यात भरती न होताही डॉक्टर आणि औषध मिळते. कारखान्यातल्या कामगाराला जे मान्य झाले, ते कापूस वेचणाऱ्या बाईला का नाही?

कोणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात दात फुकट काढतात की. काढतात. पण वाचवायला खुर्ची, साहित्य आणि रोजचा दंतवैद्य लागतो. जन आरोग्य योजनेत सरकारी रुग्णालयालाही केलेल्या उपचाराचे पैसे मिळतात. कीड भरणे आणि रूट कॅनाल त्यात आले, तर ग्रामीण रुग्णालयाला साहित्य घ्यायला हक्काचा पैसा येईल. म्हाताऱ्यांच्या कवळीसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिचे शिबिर बाजाराच्या दिवशी जिवतीतच लागले पाहिजे.

येत्या ग्रामसभेत या दोन मागण्यांचा ठराव मांडा. प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.