खोपोली मार्गावरील रेल्वे प्रवाशांचे मागणीपत्र

प्रति,
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक

विषय : कर्जत–खोपोली लोकलसेवेत वाढ करण्याबाबत

महोदय,

खोपोलीला रेल्वे आली १८५६ साली, बोरीबंदर–ठाणे गाडी धावल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. पुढे बोरघाट उभा असल्याने मार्ग इथेच संपे. १८५८मध्ये खंडाळा–पुणे गाडी सुरू झाली, तेव्हा मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरी. १८६३ला घाटातला लोहमार्ग खुला झाला. मुख्य मार्ग पळसदरीवरून वर गेला आणि खोपोली फाट्यावर पडली.

हे आम्ही मिरवण्यासाठी सांगत नाही. फाट्याचा तो हिशेब आजही चालू आहे, ही आमची तक्रार आहे. १९१५ साली टाटांचे वीजगृह इथे सुरू झाले, पुढे कारखाने आले. पाळीचे कामगार, कर्जत-कल्याणला शिकणारी मुले, महड-पालीचे भाविक या सगळ्यांना हीच लोकल लागते.

पहिली मागणी बिनखर्चाची आहे. मुंबईची लोकल कर्जतला उशिरा पोचली, तर खोपोली गाडी पाच-दहा मिनिटे थांबवावी. आज डबा-पिशवी सांभाळत फलाट गाठावा, तर सुटलेल्या गाडीचा लाल दिवा दिसतो. मग शेअर रिक्षा शोधा, नाहीतर पुढच्या गाडीची वाट पाहा. रात्री बायाबापड्यांनी काय करावे? वेळापत्रक पाळल्याची नोंद होते, प्रवासी मात्र कर्जतलाच राहतो.

दुसरी मागणी खर्चाची, पण खरा इलाज तोच. पळसदरी ते खोपोली मार्ग एकेरी आहे. केळवली, डोलवली, लौजी ही एकेका फलाटाची स्थानके. त्यामुळे एक गाडी मार्गावर असेपर्यंत समोरून दुसरी सोडता येत नाही. मधल्या एका स्थानकात क्रॉसिंगसाठी लूप लाइन टाकल्याशिवाय फेऱ्या वाढणार नाहीत, मग कितीही निवेदने द्या. दुहेरीकरणाचा आग्रह आम्ही आज धरत नाही.

शिवाय, पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग सुरू होईल तेव्हा त्याच्या गाड्यांना खोपोलीची जोड वेळापत्रकातच द्यावी.

लूप लाइनची पाहणी करून तिचा अहवाल आम्हाला द्यावा आणि पहिल्या मागणीवर महिनाभरात लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
खोपोली मार्गावरील रेल्वे प्रवासी